देवीचा पासवर्ड

बुदाई,
तैवान, १८ नोव्हेंबर

चि. छ्वान यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही, कोणी जाण्याच्या तयारीत नाही आणि मला पैसेही नकोत. नागोयात तुझं बरं चाललं असेल असं धरून चालते. थंडी पडली असेल, कानटोपी घालत जा. इथे ईशान्येचा वारा सुटलाय. बंदरावर उभं राहिलं की अंगातले कपडेच काय, डोक्यातले विचारसुद्धा मागे ढकलले जातात.

आता कागदावर पत्र कशाला, ते सांगते. फोनवर मेसेज पाठवला असता तर तू तो उघडला नसतास, आणि तेच शहाणपणाचं झालं असतं. 'मी तुझी बहीण' असं म्हणणाऱ्या बायका आजकाल फार झाल्यात. म्हणून आधी ओळख पटवते. लहानपणी हौ काकांच्या बदकाने तुला मागून चावा घेतला होता आणि तू शाळेत सांगितलंस की कुत्रा चावला. ही गोष्ट तुला, मला आणि त्या बदकालाच माहीत होती. बदक त्याच वर्षी हौंच्या घरी शिजलं. उरलो आपण दोघं. पटली ओळख? मग वाच पुढे.

मच्छीमार संघाचं मासिक बंद पडलं. त्याबरोबर शेवटच्या पानावरचं माझं 'खारं पाणी' हे सदरही बुडालं. इतकी वर्षं गावातल्या प्रतिष्ठितांच्या जखमांवर मी दर महिन्याला मीठ चोळत आले, तेव्हा मासिक बंद पडल्याचं दुःख फक्त मला आणि छापखान्याला झालं. बाकी गावाने सुटकेचा श्वास टाकला. हौ काकांनी तर, ते आता मंदिराचे अध्यक्ष आहेत, मला घरी बोलावून कालवांचं ऑम्लेट खायला घातलं. वर म्हणाले, "पी-श्या, आता विश्रांती घे. गावालाही घेऊ दे."

मी विश्रांती घेतली नाही. मी सायबर सुरक्षा शिकते आहे.

हसून झालं? चौकात सोयादूध विकणारी बाई तुझ्यापेक्षा जास्त हसली होती, तेव्हा वाईट वाटून घेणार नाही. सुरुवात मी रीतसर केली. बस पकडून ज्यायी शहरात एका नावाजलेल्या संस्थेत गेले. तिथे काचेच्या टेबलामागे टायवाला एक मुलगा बसला होता. त्याने मला विचारलं, "मुलासाठी चौकशी करताय का, मावशी?" मी म्हटलं, "मावशीसाठीच." त्याने फीचं पत्रक दिलं. ते वाचून मी दोन बोटांनी अलगद खाली ठेवलं, गरम कढई ठेवावी तसं.

मग आपलं वाचनालय आठवलं. तिथे वायफाय फुकट, पंखा फुकट, पाणी फुकट आणि दर शनिवारी दुपारी कांग बाई फुकट. कांग बाई आयुष्यभर बँकेत होत्या. फसलेल्या लोकांच्या तक्रारी लिहून घ्यायचं त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर म्हणाल्या, "फसल्यानंतर भेटून कंटाळा आला, आता माणसांना आधी भेटायचं." वर्गात आम्ही मूठभर. मी सगळ्यात मोठी आणि सगळ्यात तोंडाळ.

लॅपटॉप मिळाला दातांच्या डॉक्टरांनी भंगारात काढलेला. त्याची बिजागरी मोडकी आहे, सारखी मान टाकतो. मागे शिंपल्यांची पिशवी टेकवली की ताठ बसतो. त्याच्या आतलं महागडं सामान पुसून टाकलं आणि जगभरातल्या भल्या माणसांनी फुकट वाटलेलं घातलं. जग इतकं भलं आहे हे मला माहीत नव्हतं. आधीच कळलं असतं तर माझ्या सदराचं केवढं नुकसान झालं असतं! धडे फुकट, सरावाची कोडी फुकट. मात्र सगळं इंग्रजीत. पहिला महिना असा गेला की एका वाक्याला दुपार लागायची आणि संध्याकाळी कळायचं की ते वाक्य नव्हतं, शीर्षक होतं.

पण शिकले, छ्वान. जेवणाच्या टेबलावर दुसरा एक मोडका संगणक मांडला. एक चोर, एक घरमालक. दोन्ही मीच. गेल्या महिन्यात मी माझ्याच घरात चोरी केली आणि मला पत्तासुद्धा लागला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच चोरीच्या पाऊलखुणा शोधून काढल्या. त्या आनंदात मी एकटीच टाळ्या वाजवत स्वयंपाकघरात फिरले. तुला म्हणून सांगते. गावात मी अजून गंभीर बाई आहे.

आता मुख्य गोष्ट. कांग बाईंनी फळ्यावर पहिल्याच दिवशी लिहिलं होतं: दार उघडं दिसलं तरी मालकाने लेखी परवानगी दिल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, कडीलाही हात लावायचा नाही. मला वाटलं, यात शिकायचं काय? हे तर आईने बोरं चोरायला जाताना सांगितलं होतं. पण हाच धडा सध्या माझ्या गळ्याशी आलाय.

झालं असं. मी समुद्रदेवी माझूच्या मंदिरात गेले होते, वर्षभर तेवणाऱ्या दिव्याखालचं नाव बदलायला. तुला आठवत असेल तसा तो दिव्यांचा मनोरा अजून आहे, प्रत्येक इवल्या दिव्याखाली माणसाचं नाव. फक्त नोंदणी आता संगणकावर होते. नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मवेळ, सगळं त्यात. आणि तुझ्यासारख्या परदेशी पळालेल्यांनाही दिवा लावता यावा म्हणून ते सगळं इंटरनेटवरही आहे. संगणकावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलेलं होतं, आपल्याकडच्या प्रथेप्रमाणे, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. कांग बाई सोबत होत्या. त्यांनी पाकीट उलटून तारीख बघितली. ते केव्हाच शिळं झालं होतं, म्हणजे त्याचा गुणही संपलेला. बाईंचा चेहरा पडला.

खरा धक्का पुढे होता. हौ काका खुर्चीत बसले आणि मोठ्याने म्हणत टाइप करू लागले, "तीन... दोन... तीन..."

"हौ काका, हा पासवर्ड आहे?"

"पासवर्ड कसला! माझूचा वाढदिवस आहे. तिसरा महिना, तेविसावी तिथी."

"पण तो सगळ्या तैवानला माहीत आहे."

"मग? असायलाच हवा. ज्याला माहीत नाही तो कसला भक्त?"

कांग बाईंनी ते शिळं पाकीट हळूच जागेवर ठेवलं.

मी विषय सोडला नाही, कारण गेले काही आठवडे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना फोन येताहेत. बोलणाऱ्याला त्यांचं नाव, पत्ता आणि जन्मवेळसुद्धा माहीत असते. कोणाला म्हणतो तुमच्यावर साडेसाती आली आहे, शांत करतो, पैसे पाठवा. कोणाला मुलगा बनून फोन करतो. जन्मवेळ कोण कोणाला सांगतं? ती सांगायची जागा एकच. पोस्टातही एक प्रकार झाला. एक म्हातारा पासबुक घेऊन आला. मुलगा अडचणीत आहे म्हणाला. खिडकीतल्या मुलीने जरा चौकशी केली तर तिच्यावर ओरडला, "माझा मुलगा माझ्याकडे मागतोय, मधे विचारणारी तू कोण?" पोरगी घाबरली, पण पैसे सोडले नाहीत. तिने त्याच्या घरी फोन केला. घरून माणूस आलं, घेऊन गेलं. पैसे वाचले. असो.

तर मी हौ काकांकडे लेखी परवानगी मागितली: पासवर्ड बदलते, कुलूप नीट लावते, एक पैसा घेत नाही. ते म्हणाले, "परवानगी मालक देतो. मी मालक नाही."

"मग कोण आहे?"

त्यांनी गाभाऱ्याकडे हनुवटी केली.

संगणक आला तेव्हा पासवर्ड काय ठेवावा म्हणून मंडळाने देवीला कौल लावला होता. तिने सलग तीनदा होकार दिला. म्हणजे पासवर्ड देवीचा. बदलायचा तर तिलाच विचारायचं, आणि पुन्हा सलग तीन होकार मिळवायचे. कांग बाई म्हणाल्या, "मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात हा प्रकार नाही." मी म्हटलं, "बाई, पुस्तकं बुदाईत लिहिली गेलेली नाहीत."

हिवाळी संक्रांतीच्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या, आधी कौल ठरलाय. त्यानंतर नव्या वर्षाच्या दिव्यांची नोंदणी सुरू होते. तोवर कुलूप बदललं नाही तर अख्खं गाव नटूनथटून, रांगेत उभं राहून आपापल्या जन्मवेळा चोरांच्या हाती देणार, आणि वर उदबत्ती लावणार.

माझ्यासाठी प्रार्थना कर. तू करत नाहीस हे माहीत आहे, पण निदान बोटं गुंफ.

घरी सगळं ठीक. कालवं यंदा टपोरी आहेत.

तुझी,
ताई

*

बुदाई,
२२ डिसेंबर, वर्षातला सगळ्यात लहान दिवस

चि. छ्वान,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पुढे किल्ला, मागे एकच ओळ: "ताई, चार पानं लिहिलीस, त्यात आबा कुठेच नाहीत. का?"

आयुष्यभर मी वाक्यावाक्यातून लोकांना चिमटे काढले, पण माझ्या न लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवणारा आजवर भेटला नव्हता. कांग बाई शिकवतात, नोंदींमध्ये काय आहे ते सगळेच बघतात, काय नाही ते बघा. तू त्यांच्या वर्गात पहिला आला असतास.

आबा बरे आहेत. म्हणजे आता आहेत.

पोस्टातला म्हातारा म्हणजे आबा. घरून गेलेलं माणूस म्हणजे मी.

फोन दुपारी आला. आबा अंगणात कालवं फोडत बसले होते. पलीकडचा म्हणाला, "आबा, मी छ्वान." मग म्हणाला, अपघात झाला आहे, पोलिसांनी धरून ठेवलंय, ताईला सांगू नका. आबांनी खूण विचारली, तर त्याने तुझी जन्मतारीख सांगितली, आणि पहाटेची ती वेळसुद्धा. आबा तसेच ओल्या हातांनी उठून पोस्टात गेले. पुढचं तुला माहीत आहे. पैसे शाबूत आहेत. जे गेलं ते पासबुकात मांडता येत नाही.

घरी आल्यावर त्यांनी फोन तांदळाच्या डब्यात पुरला. ढोलावर चादर टाकली. मंदिरात जाणं बंद. ज्या माणसाने नुसती भुवई उचलून मंदिराच्या अख्ख्या ढोलपथकाचा ताल आयुष्यभर ठिकाणावर आणला, तो ढोलमास्तर वंग फसला, हे गावाने म्हणू नये एवढंच त्यांचं म्हणणं. मला म्हणाले, "कुणाला सांगितलंस तर तुझ्या हातचा भात खाणार नाही." म्हणून मी गप्प होते.

हे झालं वरवरचं कारण. खरं कारणही लिहिते, आता लपवण्यात अर्थ नाही. मी हे लिहिलं असतं आणि तरीही तू फोन केला नसतास, तर मला तुझ्याविषयी काहीतरी कळलं असतं. ते मला कळून घ्यायचं नव्हतं. तू घर सोडलंस त्या दिवशी ढोलाच्या काठ्या टेबलावर ठेवल्यास. आबा म्हणाले, "जातोस तर जा, फोन करू नकोस." आणि तू आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं ऐकलंस. तेही नको तिथे.

बरं. आता कौलाचं ऐक, म्हणजे मी आज छाती फुगवून का लिहितेय ते कळेल.

मंडपात अर्धं गाव लोटलं होतं. फुकटात कोणी देवीशी वाद घालणार म्हटल्यावर कोण घरी बसतो? पथकवाले कोपऱ्यात, मधलं आसन रिकामं. ते आबांचं. मी भाषण पाठ करून गेले होते. गुडघ्यांवर बसले, कौलाच्या दोन लाल लाकडी चंद्रकोरी हातात घेतल्या आणि सरळ मुद्द्यावर आले: "पासवर्ड बदलावा का? वर दुसरी तपासणीही लावावी का?" टाकल्या. दोन्ही तुकडे सपाट बाजू वर करून पडले आणि होडीसारखे डुलत राहिले.

"हसली!" हौ काका आनंदाने म्हणाले. "देवी हसली!"

दोन्ही वर म्हणजे देवीचं हसू. होकार नाही, नकार नाही. मी पुन्हा विचारलं, जरा सोप्या शब्दांत. पुन्हा हसू. मागून कोणीतरी म्हणालं, "पी-श्या, देवी तुझं सदर वाचायची वाटतं." मंडप हसला. मीही हसले असते, पण कांग बाईंचा चेहरा बघितला आणि नोंदणीचे दिवस आठवले.

हौ काका उठले. "झालं तर मग. देवीची इच्छा नाही. चला, चहा घ्या."

"बाजूला हो," मागून आवाज आला.

आबा. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगाला कालवांचा वास, हातमोजेसुद्धा काढलेले नव्हते. कोणी जागा दिली नाही तरी वाट झाली. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "नाव सांगितलंस?"

"कुणाचं?"

"तुझं. देवीला. नाव, गाव, जन्म?"

घाईत विसरले होते. लहान पोरंसुद्धा विसरत नाहीत, आधी आपण कोण ते सांगायचं, मग विचारायचं.

"नाव नाही, पत्ता नाही, सरळ प्रश्न विचारत सुटलीस," आबा म्हणाले. "हसणार नाही तर काय करेल ती? ओळख पटल्याशिवाय शहाणा माणूस उत्तर देतो का?"

छ्वान, माझ्या शेजारी कांग बाई होत्या. त्यांनी झटकन वही काढली आणि ते वाक्य लिहून घेतलं. मी इतके महिने जो धडा इंग्रजीतून ओढत होते तो आबांनी बुटांसकट येऊन एका ओळीत सांगितला. मला लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगते, मला पथकाचा ताल ऐकू आल्यासारखं झालं.

आबा गुडघ्यांवर बसले. त्यांना बसायला वेळ लागतो आता. मग ते बोलले, मनात नाही, मोठ्याने, मंडपभर ऐकू जाईल असं.

"मी वंग थ्येन-फा. याच गावचा, कालवांच्या धक्क्याजवळ राहतो. आयुष्यभर तुझ्यापुढे ढोल वाजवलाय. माते, मी फसलो." मागची माणसं पुढे सरकली. "माझा मुलगा परदेशी आहे. दर वर्षी त्याच्या नावाचा दिवा मी तुझ्यापाशी लावतो. मुलीला सांगितलेलं नाही. त्याची जन्मवेळ तीन जणांना माहीत होती. त्याच्या आईला, ती गेली. मला आणि तुला. कोणीतरी ती वेळ तुझ्या घरातून उचलली आणि मला फोन केला. म्हणाला, आबा, मी छ्वान. मी त्याला विचारलं, जेवलास का?"

इथे त्यांनी हातमोजे काढून खिशात कोंबले.

"आवाज त्याचा नव्हता. मला कळलं होतं, माते. ढोलवाला आहे मी, आवाज कळतो मला. पण कितीतरी वर्षांनी मला कोणी मुलगा होऊन आबा म्हणत होतं. फोन ठेववेना."

मग त्यांनी चंद्रकोरी उचलल्या. "सगळं गाव तुझ्या वाढदिवसाला नवीन कपडे घालून येतं. चोरही आला. आता तुझा वाढदिवस तुला परत द्यावा म्हणतो. दाराला दुसरं कुलूप लावावं. लावू?"

टाकल्या. एक वर, एक खाली. होकार.

पुन्हा. होकार.

तिसऱ्या वेळी एक तुकडा समोर पडला आणि दुसरा टणकन उडून नैवेद्याच्या टेबलाखाली गेला. सगळ्यांच्या माना टेबलाकडे वळल्या. आणि हौ काका, पोट सांभाळत जिना उतरणारे आपले हौ काका, अध्यक्षांचा बिल्ला लावलेले, फरशीवर पालथे पडले आणि टेबलाखाली डोकं घातलं. आतून त्यांचा आवाज आला, घुमल्यासारखा, "होकार! अरे, होकार आहे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हौ काका मात्र बाहेर येईनात. मला वाटलं अडकले. मग धूळ झटकत उठले, आबांजवळ उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू आलं, "थ्येन-फा, मलाही फोन आला होता. मी तर पाठवूनसुद्धा दिले."

"मलाही आला," सोयादूधवाली म्हणाली. तीच, मला हसली होती ती.

मग मासळी बाजारातल्या एक आजी. मग पथकातला झांजवाला. एकेक जण उभा राहू लागला. इतके दिवस सगळं गाव आपापल्या डब्यात फोन पुरून बसलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की मूर्ख काय तो मीच. मला गावातल्या प्रत्येकाची ठेवणीतली खोड माहीत आहे असा माझा दावा असायचा. ही मला दिसली नव्हती. ती उघड करायला मुखवटा फाडणारं सदर लागलं नाही. एका मानी माणसाने स्वतःचा मान काढून सगळ्यांसमोर फरशीवर ठेवला, बस.

आबांचा अभिमान मला आधीही वाटायचा. मिरवणुकीत ते पुढे असायचे तेव्हा मी मैत्रिणींना ढकलून सांगायची, ते माझे आबा. पण तेव्हा त्यांच्या हातात ढोल असायचा. त्या दिवशी हात रिकामे होते.

लेखी परवानगी मिळाली, मंदिराच्या लाल शिक्क्यासकट. ती मी चौकटीत बसवून टेबलावर लावली आहे, मोडक्या लॅपटॉपच्या वर. कांग बाई शेजारी बसल्या आणि कुलूप मी बदललं, या हातांनी. चोराच्या पाऊलखुणाही सापडल्या, शिकले होते तशाच, त्या जागच्या जागी जपून पोलिसांना दाखवल्या. चोर सापडला का? नाही. पोलीस म्हणाले कठीण आहे. पण त्याला आत यायला आता जड जाईल. नवा पासवर्ड काय आहे ते तुला सांगणार नाही. भाऊ असलास म्हणून काय झालं? दुसऱ्या तपासणीचा आकडा हौ काकांच्या फोनवर येतो. काका तो हाताचा आडोसा करून वाचतात, ओठसुद्धा हलवत नाहीत. हिरवं पाकीट नवीन आणलंय. सगळ्यांना दिलासा त्याचाच जास्त वाटला.

आणि ऐक. पुढच्या शनिवारपासून कांग बाई निम्मा वर्ग मला देताहेत. गावातल्या म्हाताऱ्यांना मी शिकवायचं. फी नाही. वर्गाचा पहिला धडा आबांचं वाक्य. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "माझं नाव लिही खाली, शुद्ध लिही."

आता घरातल्या कुलपाचं.

कांग बाई सांगतात, प्रत्येक घराने एक खूण ठरवून ठेवावी. फोनवर कोणी आपला माणूस म्हणून बोलला की आधी ती विचारायची. मी आबांना म्हटलं, "छ्वानचा फोन आला तर काय विचाराल? जन्मवेळ नको."

"ती तर बाजारात विकून झाली," आबा म्हणाले.

"मग बदक?"

"कुठलं बदक?"

म्हणजे ते अजून आपल्या दोघांतच आहे. काळजी करू नकोस.

मग ते कालवं फोडता फोडता विचार करत राहिले. आज सकाळी सणाच्या तांदळाच्या गोळ्या वळताना मधेच म्हणाले, "ठरलं." मी विचारलं, काय ठरलं? तर म्हणतात, "तुला कशाला? तुझ्या तोंडात काही राहत नाही. तू छापशील." प्रश्न सांगत नाहीत, उत्तर तर नाहीच. मला एवढंच माहीत आहे की ते कुठल्या मंदिराच्या संगणकात नाही, कुठल्या कागदावर नाही आणि जगात फक्त दोन माणसांना येतं. त्यातला एक नागोयाला आहे.

फोन त्यांनी डब्यातून काढलाय. तांदूळ झटकला, पुसला. ढोलावरची चादर काढून फोन ढोलावरच ठेवलाय, आवाज पूर्ण वाढवून. वाजला की चामडं थरथरतं. काल विम्याच्या जाहिरातीचा फोन आला तर ते अंगणातून धावत आले. धावतात अजून, मला माहीत नव्हतं.

तुझा दिवा मी बघून आले. मनोऱ्यात वरून तिसऱ्या ओळीत, अगदी डोळ्यांसमोर, ज्याच्यापुढून मी इतकी वर्षं मान खाली घालून उदबत्ती लावत गेले. छान जळतोय.

तेव्हा फोन करशील तेव्हा एक सांभाळ. आबा लगेच जेवलास का विचारणार नाहीत. आधी कडक आवाजात तो प्रश्न विचारतील. रागावू नकोस, आवाज चढवू नकोस, ताई म्हणाली म्हणून सांगू नकोस. फक्त उत्तर दे.

मग ते विचारतील जेवलास का. तेव्हा ते तुलाच विचारत असतील.

वाट बघणाऱ्या दोघांतली तोंडाळ,
ताई